इथरनेटवरचं स्टोरेज आणि ऑफलोड कार्ड: बडोद्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बडोद्यात सर्व्हर आणि स्टोरेज लावून देतो. मकरपुरा जीआयडीसीतले कारखाने, रावपुऱ्यातली इस्पितळं, अलकापुरीतली डिझाइन ऑफिसं अशी माझी गिऱ्हाइकं. तिथं सिस्टिम सांभाळणारी बरीच मुलं दांडिया बाजार आणि आसपासच्या मराठी घरांतली आहेत. अडलं की ती रात्री फोन करतात, आणि मराठीतच विचारतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली. कमांडची नावं उच्चाराप्रमाणे दिली आहेत.

दादा, ऑफलोड म्हणजे कार्डावर नक्की काय सोपवायचं?

सर्व्हरवरच्या प्रोग्रामने डिस्कवर काही लिहिलं की त्याची स्कझी, म्हणजे डिस्कशी बोलायच्या भाषेतली, कमांड बनते. डिस्क नेटवर्कपलीकडे असेल तर ती कमांड आयस्कझीच्या पाकिटात जाते, ते पाकीट टीसीपीत, टीसीपी आयपीत आणि शेवटी सगळं इथरनेटच्या फ्रेममध्ये. ही बांधाबांध साधारणपणे सर्व्हरचा प्रोसेसर करतो. १० गिगाबिटची लाइन १५०० बाइटच्या फ्रेमने पूर्ण भरली तर सेकंदाला सुमारे ८,१२,००० फ्रेम होतात. त्या प्रत्येकीची बेरीज तपासायची, क्रम लावायचा, पोच द्यायची आणि मेमरीत योग्य जागी नेऊन ठेवायची.

हे काम प्रोसेसरऐवजी नेटवर्क कार्डावर सोपवणं म्हणजे ऑफलोड, आणि त्याच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली पायरी आज जवळजवळ प्रत्येक सर्व्हर कार्डात असते: चेकसम, म्हणजे ती बेरीज, काढणं आणि मोठा तुकडा फ्रेमएवढ्या छोट्या तुकड्यांत कापणं. जोडणीचा हिशेब मात्र ऑपरेटिंग सिस्टिमकडेच राहतो. दुसऱ्या पायरीवर टीसीपीची अख्खी जोडणीच कार्ड सांभाळतं. तिसऱ्या पायरीवर कार्ड आयस्कझी किंवा एफसीओईसुद्धा (त्याविषयी पुढे) स्वतः बोलतं आणि सिस्टिमला नेटवर्क कार्डाऐवजी डिस्क कंट्रोलर म्हणून दिसतं. लोक ‘ऑफलोड कार्ड’ म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा त्यांच्या मनात ही तिसरी पायरी असते.

लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये सर्वसाधारण टीसीपी ऑफलोडला जागा मिळाली नाही. जोडणी एकदा फर्मवेअरमध्ये, म्हणजे कार्डातल्या प्रोग्राममध्ये, गेली की तिथली चूक कर्नलच्या पॅचने सुधारता येत नाही, हा कर्नल लिहिणाऱ्यांचा मोठा आक्षेप होता. आयस्कझीपुरता ऑफलोड मात्र त्यांनी स्वीकारला. हा आक्षेप ध्यानात असू द्या, कारण पुढच्या निम्म्या अडचणी त्यातूनच येतात.

मला त्याची गरज आहे का?

बहुतेकांना नसते, आणि हे मी कार्ड विकत घेण्याआधीच सांगतो. १ गिगाबिटवर तर मुळीच नाही. १० गिगाबिटवरही आजचा प्रोसेसर साध्या कार्डाने काम उरकतो. आधी साध्या आयस्कझीवर भार टाका आणि ‘टॉप’ उघडून ‘एसआय’चा आकडा पाहा. सॉफ्टवेअर इंटरप्टमध्ये प्रोसेसरचा किती वेळ जातो ते त्यात कळतं. तो आकडा दोन-तीन टक्क्यांच्या आतच असेल तर कार्डाचे पैसे जास्तीच्या रॅमवर घाला.

खरी गरज तीन ठिकाणी लागते. एक, व्हर्च्युअल मशीन इतकी भरली आहेत की प्रोसेसर मोकळा राहतच नाही. दोन, डेटाबेसचं लायसन्स कोअरवर मोजलं जातं. तिथं स्टोरेजमध्ये गेलेला प्रत्येक कोअर म्हणजे विकत घेऊन वाया घालवलेला कोअर. तीन, सर्व्हरमध्ये स्वतःची डिस्कच नाही आणि तो नेटवर्कवरूनच बूट व्हायला हवा.

आयस्कझी, एफसीओई, रॉकी, एनव्हीएमई: यांतलं काय घ्यावं?

आयस्कझीचं पहिलं मानक २००४ साली आलं आणि २०१४ साली नंतरच्या भरी-दुरुस्त्या एकत्र करून ते पुन्हा लिहिलं गेलं. ते टीसीपीवर चालतं, पोर्ट ३२६०. मधे फ्रेम हरवली तर टीसीपी ती पुन्हा पाठवतो, म्हणून साध्या स्विचवरही त्याचं निभतं. बडोद्यातल्या लहान-मध्यम कारखान्याला मी आजही डोळे मिटून हेच सुचवतो.

एफसीओई म्हणजे फायबर चॅनलची, स्टोरेजसाठीच्या वेगळ्या नेटवर्कची, फ्रेम सरळ इथरनेटमध्ये घातलेली. त्याचं मानक २००९ साली पूर्ण झालं. त्यात आयपी नाही, त्यामुळे राउटरपलीकडे ते जात नाही, आणि मधे फ्रेम हरवलेली त्याला सोसत नाही. तुमच्याकडे जुना फायबर चॅनलचा स्टोरेज पडलेला असेल आणि तो अजून काही वर्षं वापरायचा असेल तरच याचा विचार करा. नव्या कामात मी ते घालत नाही.

रॉकीत एका मशीनच्या मेमरीतून दुसऱ्याच्या मेमरीत कार्ड परस्पर लिहितं. त्याची दुसरी आवृत्ती २०१४ साली आली, ती यूडीपीच्या पोर्ट ४७९१ वर चालते आणि राउटर ओलांडते. वेग उत्तम मिळतो, पण स्विचची बांधणी अगदी नेटकी लागते. आणि २०१८च्या अखेरीस एनव्हीएमईलाही (वेगवान फ्लॅश डिस्कची भाषा) टीसीपीवर चालण्याची मान्यता मिळाली, पोर्ट ४४२०. दोन्ही बाजूंना एनव्हीएमई डिस्क असतील तर नव्या मांडणीत मी आयस्कझीआधी त्याचा विचार करतो. त्याला खास कार्डही लागत नाही.

कार्डावर ब्रॉडकॉम लिहिलंय, ड्रायव्हर मार्व्हेलच्या साइटवर सापडतो. नकली आहे का?

नाही. ब्रॉडकॉमने आपला १० गिगाबिट नेटएक्स्ट्रीमचा धंदा २०१४ साली क्यूलॉजिकला विकला, क्यूलॉजिकला २०१६ साली कॅव्हियमने घेतलं आणि कॅव्हियमला २०१८ साली मार्व्हेलने. त्यामुळे ५७८१० हीच चिप तीन नावांनी फिरते. तसंच इम्युलेक्स २०१५ साली अवॅगोकडे गेलं आणि मेलॅनॉक्स २०२० साली एनव्हीडियाकडे. जुनं कार्ड घेताना डब्यावरचं नाव सोडा, चिपचा नंबर वाचा.

घेताना आणखी काय पाहायचं?

स्लॉट. लांबीला आठ लेनचा दिसणारा स्लॉट कधी आतून चारच लेनचा असतो, हे मदरबोर्डच्या पुस्तिकेत बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. दुसऱ्या पिढीच्या पीसीआय एक्सप्रेसच्या चार लेन म्हणजे १६ गिगाबिट. दोन पोर्टचं १० गिगाबिट कार्ड तिथं गुदमरतं. ‘एलएसपीसीआय’च्या सविस्तर माहितीत लिंकची खरी रुंदी दिसते, ती कार्ड लावल्याबरोबर तपासा.

काही कार्डांत ऑफलोड चालू करायला वेगळी लायसन्स की लागते. जुन्या बाजारातून घेताना ती आत आहे का, हे पैसे देण्याआधी विचारा.

आणि सर्व्हरचं कार्ड साध्या टॉवरमध्ये घालू नका. त्यावर पंखा नसतो, नुसता हीटसिंक असतो. सर्व्हरच्या पंख्यांचा जोराचा वारा त्यावरून जाईल हे गृहीत धरलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात बंद केबिनमध्ये दुपारी तीनला काय होतं ते मी पाहिलं आहे: कार्ड तापून लिंक पडायची, संध्याकाळी आपोआप यायची, आणि गिऱ्हाईक आठवडाभर केबल बदलत बसलं होतं. नेहमीच्या आरजे-४५ नेटवर्क केबलवर चालणारी १० गिगाबिटची कार्डं त्यातही जास्त तापतात. रॅकमधल्या रॅकमध्ये जोडायचं असेल तर डीएसी केबल (दोन्ही टोकांना प्लग बसवूनच येणारी छोटी केबल) घ्या, स्वस्त आणि थंड.

लिनक्सवर लावताना क्रम काय ठेवायचा?

इथे थोडं सविस्तर लिहितो, कारण निम्मे फोन याच टप्प्यावर येतात.

सर्वांत आधी, ऑफलोडला हातही न लावता साध्या मार्गाने टार्गेट, म्हणजे स्टोरेजची बाजू, जोडून दाखवा. त्याच केबल, तोच स्विच, तोच स्टोरेज, फक्त आयस्कझी सॉफ्टवेअरमधून. हे चाललं आणि वेगाचे आकडे वहीत लिहिले की मगच पुढे जा. पुढे काही बिघडलं तर दोष नेटवर्कचा की कार्डाचा, हे पाच मिनिटांत सांगता येतं.

मग फर्मवेअर आणि ड्रायव्हर यांची जोडी जुळवा. एकच नवं करून भागत नाही.

त्यानंतर कार्डाच्या घराण्याप्रमाणे मॉड्यूल लोड होतं: ५७८१० सारख्या जुन्या ब्रॉडकॉम चिपला ‘बीएनएक्स-टू-आय’, क्यूलॉजिक ४१००० मालिकेला ‘क्यूईडीआय’, चेल्सिओच्या टी-४ आणि पुढच्या कार्डांना ‘सीएक्सजीबी-फोर-आय’. पहिल्या दोघांना ‘आयस्कझी-यूआयओ’ ही सेवाही चालू लागते. ती बंद असेल तर लॉगिन नुसतं लटकून राहतं आणि कारणही धड सांगत नाही. तेव्हा सगळ्यात आधी तिच्याकडे बघा.

आता ओपन-आयस्कझीमध्ये, म्हणजे लिनक्सच्या आयस्कझी प्रोग्राममध्ये, आयफेसची (आयस्कझी ज्या वाटेने जाते तिची नोंद) यादी मागा. प्रत्येक ऑफलोड पोर्टसाठी ड्रायव्हरचं नाव आणि मॅक (हार्डवेअरचा) पत्ता मिळून एक नाव दिसेल. बहुतेक कार्डांत हा मॅक नेहमीच्या नेटवर्क पोर्टच्या मॅकपेक्षा वेगळा असतो. म्हणजे एकाच भोकातून दोन माणसं बोलतात: एक लिनक्स आणि दुसरं कार्ड स्वतः. त्या दुसऱ्या माणसाला स्वतःचा आयपी द्यावा लागतो, तो आयफेसच्या नोंदीत भरायचा. मग त्याच आयफेसचं नाव देऊन डिस्कव्हरी करा, म्हणजे टार्गेट शोधा, आणि त्याच आयफेसने लॉगिन करा. नाव न देता डिस्कव्हरी केली तर सगळं छान जोडलं जाईल, डिस्क दिसेल, आणि काम मात्र जुन्या सॉफ्टवेअर मार्गानेच चालू राहील. पुष्कळ ठिकाणी ऑफलोड ‘लावलेलं’ असतं ते असंच. सेशनची माहिती मागून आयफेस ट्रान्सपोर्टच्या ओळीत काय आहे ते वाचा. तिथं ‘टीसीपी’ असेल तर कार्ड आरामात बसलं आहे.

आता याचा त्रास. कार्डाचा तो आयपी लिनक्सच्या पत्त्यांच्या यादीत दिसत नाही. टीसीपीडम्प लावला तरी ती रहदारी पकडली जात नाही, कारण ती कर्नलपर्यंत पोचतच नाही. मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात दिवसातून दोन-तीनदा सेशन तुटायचं. मी सर्व्हरवर दोन दिवस घालवले. शेवटी स्विचच्या एआरपी टेबलमध्ये (कोणता आयपी कोणत्या मॅकचा, याची नोंद) पाहिलं तेव्हा कळलं, कार्डाला दिलेला आयपी कॅमेऱ्यांच्या डीव्हीआरलाही दिलेला होता. तेव्हापासून ऑफलोडचे आयपी मी वेगळ्या रंगाने लिहितो आणि कागद रॅकच्या दारावर आतून चिकटवतो. तपासायचं असेल तर स्विचवर पोर्ट मिररिंग लावून दुसऱ्या लॅपटॉपवर पाहा. दुसरी खात्रीची जागा नाही.

मग फायरवॉलचं काय?

लिनक्सची फायरवॉल या जोडणीला लागू होत नाही. वरचंच कारण. म्हणून स्टोरेजसाठी वेगळा व्हीलॅन (त्याच स्विचवर वेगळं पाडलेलं नेटवर्क) हवाच, शक्य असेल तर वेगळा स्विच. चॅप पासवर्ड लावा. विंडोजचा इनिशिएटर, म्हणजे सर्व्हरकडची आयस्कझीची बाजू, १२ ते १६ अक्षरांचाच घेतो, तेव्हा सगळीकडे तेवढाच ठेवा. चॅपने फक्त ओळख पटते, डेटा उघडाच जातो.

जम्बो फ्रेम लावल्यापासून लॉगिन होतं पण मोठी फाइल कॉपी करताना अडकतं. का?

जम्बो फ्रेम म्हणजे १५०० ऐवजी ९००० बाइटची फ्रेम, आणि वाटेत कुठेतरी एका ठिकाणी १५०० राहिलं आहे. लॉगिनची पाकिटं लहान असतात, ती सुटतात. पहिला मोठा तुकडा आला की तो त्या ठिकाणी पडतो. ९००० करायचं म्हणजे सर्व्हर, स्विचचे दोन्ही पोर्ट, दोन स्विच असतील तर त्यांच्यामधली जोडणी आणि स्टोरेज, सगळीकडे करायचं. ऑफलोडच्या आयफेसला त्याचा स्वतःचा एमटीयू, म्हणजे फ्रेममध्ये मावणाऱ्या बाइटची मर्यादा, असू शकतो, आणि लिनक्सच्या पोर्टवर ९००० केलं म्हणून तो बदलेल असं समजू नका.

तपासायला ‘तोडू नकोस’ असं सांगून ८९७२ बाइटचा पिंग पाठवा. ९००० मधून आयपीचे २० आणि आयसीएमपीचे ८ वजा, म्हणून ८९७२. हा पिंग लिनक्सच्या बाजूने जातो, तेव्हा स्टोरेजकडूनही कार्डाच्या आयपीवर तसाच पाठवून पाहा.

फायदा किती? ९००० च्या फ्रेमने भरलेल्या १० गिगाबिट लाइनवर सेकंदाला सुमारे १,३८,००० फ्रेम होतात, म्हणजे आधीच्या सहाव्या हिश्श्याच्या आसपास. साध्या कार्डावर हा फरक चांगलाच जाणवतो. फ्रेमचं काम कार्डच करत असेल तर प्रोसेसरला तो तितका जाणवत नाही. म्हणून ऑफलोड असताना जम्बोसाठी फार जीव टाकू नका.

स्विचमध्ये काय बदलायचं?

आयस्कझीला साधा फ्लो कंट्रोल आणि बरा बफर असलेला स्विच पुरतो. घरगुती दर्जाच्या १० गिगाबिट स्विचवर स्टोरेज आणि दोन सर्व्हर एकदम बोलायला लागले की बफर भरतो आणि फ्रेम पडतात. टीसीपी सावरून घेतो, वेग मात्र ढासळतो.

एफसीओई आणि रॉकीला डेटा सेंटर ब्रिजिंग लागतं. साधा फ्लो कंट्रोल अख्खी तार थांबवतो. इथे आठ प्राधान्य वर्गांपैकी फक्त स्टोरेजचा वर्ग थांबवता येतो, त्याला पीएफसी म्हणतात. एफसीओईला बहुधा ३ क्रमांकाचा वर्ग देतात. त्याच्या जोडीला ईटीएस, म्हणजे कोणत्या वर्गाला तारेचा किती हिस्सा. स्विच आणि कार्ड हे एकमेकांत डीसीबीएक्स नावाच्या प्रोटोकॉलने ठरवतात.

इथली नेहमीची चूक अशी, की अशा कार्डाचं फर्मवेअर स्वतः स्विचशी डीसीबीएक्स बोलत असतं आणि आपण लिनक्सवरही ‘एलएलडीपॅड’ला तेच काम देतो. एका तारेवरून दोघं बोलतात आणि स्विच गोंधळतो. फर्मवेअर बोलत असेल तर त्या पोर्टवर एलएलडीपॅड गप्प करा आणि एफसीओईच्या कॉन्फिग फाइलमध्ये ‘डीसीबी रिक्वायर्ड’ला नाही लिहा. एफसीओईच्या पोर्टचा एमटीयूही वाढवा: फायबर चॅनलची फ्रेम २१४८ बाइटपर्यंत असते, १५०० मध्ये ती मावत नाही. सहसा २५०० ठेवतात.

दोन पोर्ट आहेत. बॉन्डिंग करू की मल्टिपाथ?

मल्टिपाथ, म्हणजे एकाच डिस्कपर्यंत दोन स्वतंत्र मार्ग. बॉन्डिंग, म्हणजे दोन पोर्ट मिळून एक करणं, लिनक्स करतं, आणि ऑफलोडची जोडणी लिनक्सच्या हातातच नसते. दोन पोर्ट, दोन वेगळे सबनेट, जमलं तर दोन स्विच, आणि वर मल्टिपाथ.

त्यासोबत वेळांचे आकडे बदलायला विसरू नका. आयस्कझीचं ‘रिप्लेसमेंट टाइमआउट’ मुळात १२० सेकंद असतं. एक केबल निघाली तर तो मार्ग दोन मिनिटं धरून ठेवला जातो, तेवढ्यात वरचा डेटाबेस हाय खातो. मल्टिपाथ असेल तर ते ५ सेकंदांवर आणा, म्हणजे काम लगेच दुसऱ्या मार्गाने वळतं. पण सर्व्हर त्याच डिस्कवरून बूट होत असेल आणि मार्ग एकच असेल तर उलट करा, खूप मोठा आकडा ठेवा. ज्यावर सिस्टिम उभी आहे ती डिस्क ‘गेली’ असं कर्नलला वाटता कामा नये.

सगळं जोडल्यावर खरोखर केबल ओढून पाहा. मोठी कामं मी उत्तरायण आणि वासी उत्तरायण, म्हणजे १४ आणि १५ जानेवारीला घेतो. कारखाना बंद, सगळे गच्चीवर पतंगात, आणि मी रॅकपाशी एकेक केबल काढून पाहतो. चालू दिवशी ही चाचणी करायची कुणाचीच छाती होत नाही, म्हणून ती राहून जाते.

काका, ऑफलोड लावूनही वेग वाढला नाही.

आधी डिस्कचा हिशेब करा. मिनिटाला ७२०० फेऱ्यांची एक डिस्क सेकंदाला विखुरलेली ७५ ते १०० कामं करते. अशा सहा डिस्क असतील तर पाच-सहाशेच्या वर जाणार नाही, कार्ड कोणतंही लावा. ऑफलोडने प्रोसेसर मोकळा होतो, डिस्क वेगानं फिरायला लागत नाही. ‘एफआयओ’ने कॅश टाळून ४ किलोबाइटच्या आणि १ मेगाबाइटच्या तुकड्यांनी वेगवेगळं मोजा. १० गिगाबिटचं छप्पर सेकंदाला १२५० मेगाबाइट आहे, प्रत्यक्षात त्याहून थोडं कमी मिळतं. वेगाबरोबर प्रोसेसरचा वापरही वहीत लिहा. वेग तोच आणि प्रोसेसर निम्मा, तर कार्ड आपलं काम करत आहे.

नेटवर्कवरून बूट करायचं आहे.

कार्डाच्या सेटिंगमध्ये टार्गेटचा पत्ता, नाव आणि लन (स्टोरेजमधल्या त्या डिस्कचा क्रमांक) भरा. कार्ड ही माहिती आयबीएफटी नावाच्या तक्त्यात मेमरीत ठेवतं आणि लिनक्स ती तिथून उचलतं. कार्डाचा ड्रायव्हर इनिटरॅमएफएसमध्ये (बूट होताना कर्नल आधी उघडतो ती छोटी फाइलप्रणाली) आहे ना, हे कर्नल अपडेटनंतर दर वेळी तपासा.

लाइट गेली की सकाळी डिस्क माउंट होत नाहीत.

चालू होण्याचा क्रम चुकतो. आधी स्विच, मग स्टोरेज, तो पूर्ण जागा झाला की सर्व्हर. बंद करताना बरोबर उलटा. यूपीएसचं सॉफ्टवेअर तसं बांधा आणि तिन्ही गोष्टी यूपीएसवरच ठेवा. स्विच बाहेर राहिलेला मी अनेकदा पाहिला आहे. ‘एफएसटॅब’मध्ये या डिस्कना ‘अंडरस्कोर-नेटडेव्ह’ लिहा, म्हणजे नेटवर्क येईपर्यंत लिनक्स थांबेल.

यात एक बडोद्यापुरतं. रॅक तळमजल्यावर ठेवू नका. २०१९च्या जुलैअखेरीस आणि २०२४च्या ऑगस्टअखेरीस शहरात पाणी कसं शिरलं ते सगळ्यांनी पाहिलं आहे. विश्वामित्रीच्या आसपास असाल तर पहिल्या मजल्यावरची अर्धी खोली मालकाशी भांडून मिळवा.

कार्ड जळलं, तसंच दुसरं लावलं, आता डिस्कच दिसत नाही.

ऑफलोड कार्डाची ओळख कार्डाबरोबर जाते. एफसीओईमध्ये नवा डब्ल्यूडब्ल्यूएन (कार्डाचा ओळख क्रमांक) आला, आयस्कझीत नवा मॅक आला, आयफेसचं नाव बदललं आणि जुन्या नोंदी कुठेच लागू पडत नाहीत. स्टोरेजच्या परवानगीच्या यादीत नवी ओळख घाला, जुनी काढा, आयफेस पुन्हा बनवून आयपी भरा आणि पुन्हा डिस्कव्हरी करा. इनिशिएटरचं आयक्यूएन नाव (आयस्कझीतलं त्याचं ओळखनाव) कार्डाच्या सेटिंगमध्ये लिहिलेलं असेल तर तेही परत भरावं लागतं. दारावरच्या कागदावर या सगळ्या गोष्टी आधीपासून लिहिलेल्या असतील तर हे वीस मिनिटांचं काम आहे.